रसदीच्या वाटेवरचे सारथी

पुण्याहून अहिल्यानगरकडे जाणाऱ्या महामार्गावर शिरूरजवळ लष्करी मालमोटारींचा ताफा दिसणे ही काही नवलाची गोष्ट नाही. एकीकडे खडकी आणि देहूरोड येथील लष्करी आगारे, दुसरीकडे नगरचे चिलखती दलाचे व यांत्रिकी पायदळाचे प्रशिक्षण केंद्र. या दोहोंना जोडणारा हा रस्ता आहे. दक्षिणेला दौंड हे जंक्शन आहे. १८७८ साली दौंड-मनमाड लोहमार्ग सुरू झाला, तेव्हापासून मुंबई-सोलापूर मार्ग आणि उत्तरेकडे जाणारा मार्ग येथे एकत्र येतात. सैन्याची माणसे, वाहने आणि सामग्री या दोन तालुक्यांमधून पिढ्यान् पिढ्या जात आली आहे. ठरावीक अंतर राखून, ठरावीक वेगाने चाललेल्या त्या हिरव्या गाड्यांच्या रांगेला ओलांडून पुढे जाण्याची घाई मात्र सर्वांनाच असते. त्या गाडीच्या चाकामागे बसलेल्या जवानाकडे कोणाचे लक्ष जात नाही.

हेच दुर्लक्ष त्याच्या निवृत्तीनंतरही त्याच्या वाट्याला येते. पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागातील गावागावांत निवृत्त सैनिक आहेत. पायदळातून परतलेल्या जवानाभोवती चावडीवर मंडळी जमतात, त्याला लढाईच्या गोष्टी विचारतात. सेना सेवा कोअरमधून, म्हणजे सैन्याला अन्नधान्य, इंधन व वाहतूक पुरवणाऱ्या दलातून आलेल्या माणसाविषयी मात्र ‘तो काय, नुसता ड्रायव्हर होता’ असे सहज म्हटले जाते. बोलणाऱ्याच्या मनात कुचेष्टा नसते, पण अज्ञान निश्चित असते. युद्ध म्हणजे बंदुकीचा चाप आणि तोफेचा गोळा अशीच आपली समजूत झालेली आहे. तो गोळा तोफेपर्यंत कोणी नेला, हा प्रश्नच मनात उमटत नाही.

वास्तविक ‘नुसता’ हा शब्द येथे सर्वथा अयोग्य आहे. शत्रूच्या माऱ्याखालून रसदीचा ताफा सुखरूप नेणे हे युद्धातील अत्यंत कठीण कामांपैकी एक आहे. लढणाऱ्याच्या हातात शस्त्र असते, आडोसा शोधण्याची मुभा असते. ताफ्यातील चालकाला रस्ता सोडता येत नाही. शत्रूला त्याची वाट ठाऊक असते, कित्येकदा वेळही ठाऊक असते, आणि गाडीत पेट्रोल किंवा दारूगोळा असेल तर एक ठिणगी पुरेशी होते. तरीही त्याला जावेच लागते, कारण पुढच्या ठाण्यावरचे जवान त्याच्या वाटेकडे डोळे लावून बसलेले असतात.

भीमातीराची साक्ष

रसदीचे हे महत्त्व भारतीय परंपरेला नवे नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातील दहाव्या अधिकरणात सैन्याच्या प्रयाणाचा विचार आला आहे. वाटेवरील गावे व अरण्ये यांतून गवत, सरपण व पाणी किती मिळेल याची आधी मोजदाद करावी, आणि धान्य गरजेच्या दुप्पट बरोबर घ्यावे, असे तेथे सांगितले आहे. महाभारतातील द्रोणपर्वाचा प्रसंग तर अधिक बोलका आहे. जयद्रथवधाच्या दिवशी ऐन रणात अर्जुनाचे घोडे तहानेने व्याकुळ झाले. अर्जुनाने बाणाने भूमी फोडून जलाशय निर्माण केला, आणि भगवान श्रीकृष्णांनी घोडे सोडून, त्यांच्या अंगातील बाण काढून, त्यांना पाणी पाजले, चारा दिला. युद्धाचा निर्णय त्या दिवशी सूर्यास्तापूर्वी लागायचा होता, तरीही घोड्यांसाठी थांबावेच लागले. ज्या समाजाने सारथ्याला पूर्णपुरुष मानले, त्या समाजाने आपल्या सैन्याच्या सारथ्यांना ‘नुसते’ म्हणावे, ही विसंगती आहे.

शिरूर-दौंडच्या परिसराने तर रसदीचे राजकारण प्रत्यक्ष पाहिले आहे. दौंडच्या पूर्वेला थोड्याच अंतरावर, भीमेच्या उत्तर तीरावर पेडगाव आहे. तेथील भुईकोट म्हणजे बहादूरगड. मोगल सुभेदार बहादूरखान कोकलताश याने येथे छावणी उभारली होती. खजिना, घोडी, दाणागोटा असे सर्व काही येथे साठवले जाई. शिवछत्रपतींच्या राज्याभिषेकानंतर काही आठवड्यांतच, जुलै १६७४ मध्ये, सुमारे दोन हजार मराठा स्वारांनी या छावणीला हूल दिली. बहादूरखान चवताळून त्यांच्या पाठलागावर निघाला आणि कोसच्या कोस दूर गेला. मागे राखण करायला पुरेसे सैन्य उरले नाही. दबा धरून बसलेल्या सुमारे सात हजारांच्या दुसऱ्या तुकडीने छावणीवर झडप घातली. एक कोटींचा ऐवज आणि बादशहाला नजर करण्यासाठी जमवलेली दोनशे उमदी घोडी हाती लागली, असे जदुनाथ सरकारांनी नोंदवले आहे.

ही कथा बहुधा चातुर्याची कथा म्हणून सांगितली जाते. तिचा दुसरा अर्थही ध्यानात घ्यावयास हवा. खानाच्या सैन्याचा रणात पराभव झाला नव्हता. त्याने आपल्या साठ्याची राखण सोडली, एवढीच त्याची चूक. समोर दिसणारा शत्रू हाच खरा शत्रू आणि रसद ही मागे पडून राहणारी वस्तू, असे मानणाऱ्या सेनापतीला ती चूक एक कोटीला पडली.

महाराजांची दृष्टी नेमकी उलटी होती. चिपळूणच्या छावणीतील अधिकाऱ्यांना त्यांनी लिहिलेले पत्र सुप्रसिद्ध आहे. पावसाळ्यासाठी साठवलेला दाणा व गवत आताच उधळले तर पुढे घोडी उपाशी मरतील, मग लोक कुणब्याच्या घरातील धान्य व भाजी ओढून आणू लागतील आणि रयतेला मोगल बरे वाटू लागतील, असा इशारा त्यांत आहे. गवताच्या गंजीजवळ विस्तव किंवा दिवा बेफिकीरपणे ठेवू नये, येथपर्यंतची बारीक सूचना त्यांत केली आहे. दाणागोट्याचा हिशेब आणि रयतेची अब्रू यांचा संबंध इतक्या स्पष्टपणे जोडणारे पत्र लष्करी इतिहासात विरळाच सापडेल.

पुढे फेब्रुवारी १६८९ मध्ये छत्रपती संभाजी महाराजांना कैद करून याच बहादूरगडावर औरंगजेबासमोर आणण्यात आले. मार्चमध्ये तुळापूर-वढूच्या परिसरात त्यांचे बलिदान झाले. वढू बुद्रुक हे गाव आजच्या शिरूर तालुक्यात आहे. छत्रपती गेले, राजधानी पडली, आता दख्खन जिंकली असे बादशहाला वाटले. त्यानंतर अठरा वर्षे तो येथेच अडकून पडला. त्याचे सैन्य प्रचंड होते, पण जितके मोठे सैन्य तितकी मोठी रसद, आणि जितकी मोठी रसद तितकी तिची लांब वाट. संताजी घोरपडे आणि धनाजी जाधव यांनी नेमक्या त्या वाटेवर घाव घातले. १६९५ च्या अखेरीस संताजींनी कासिमखानाच्या फौजेला दोड्डेरीच्या गढीत कोंडले. आत दाणागोटा संपला आणि बादशहाचे नामांकित सरदार खंडणी कबूल करून बाहेर पडले. स्वतः बादशहा १७०७ साली नगरजवळ भिंगार येथे मरण पावला, दख्खन न जिंकताच.

शत्रूची वाट तोडण्याच्या या विद्येत मराठे निष्णात होते. १७८१ साली बोरघाट चढून आलेल्या जनरल गोडार्डचे धान्य पनवेलहून येत असे. परशुरामभाऊ पटवर्धनांच्या स्वारांनी त्या धान्याच्या तांड्यांना इतके सतावले की, गोडार्डला पुण्याचा नाद सोडून माघार घ्यावी लागली, आणि माघारीतही त्याची मोठी हानी झाली. परंतु स्वतःची वाट राखण्यात जेथे हयगय झाली तेथे किंमतही मोजावी लागली. पानिपतावर भाऊसाहेबांच्या सैन्याला उपासमारीने ग्रासले ते रणात हार झाली म्हणून नव्हे. डिसेंबर १७६० मध्ये गोविंदपंत बुंदेले मारले गेले आणि अंतर्वेदीतून धान्य मिळण्याची आशा मावळली. जानेवारीत दिल्लीहून रोकड घेऊन निघालेली स्वारांची तुकडी रात्रीच्या अंधारात वाट चुकून थेट अब्दालीच्या छावणीत शिरली आणि कापली गेली. १४ जानेवारी १७६१ च्या सकाळी जे सैन्य रणात उतरले ते उपाशी होते. पानिपताची कारणमीमांसा करताना सेनापतींच्या मतभेदांवर ग्रंथच्या ग्रंथ लिहिले गेले. एका ताफ्याच्या पुढे चालणाऱ्या वाटाड्याची चूक किती महाग पडू शकते, यावर मात्र फारसा विचार झाला नाही.

सर्वांत पुढची गाडी

आधुनिक युद्धात बैल आणि तांडे गेले, मोटारी आल्या. १९१६ साली फ्रान्समधील व्हर्दूनच्या लढाईत लोहमार्ग निकामी झाल्यावर सुमारे ७२ किलोमीटरच्या एका अरुंद रस्त्यावर फ्रेंच सैन्याचा सारा भार आला. ऐन धुमश्चक्रीत दर चौदा सेकंदांना एक मालमोटार त्या रस्त्यावरून जात असे. फ्रेंच लोकांनी पुढे त्या रस्त्याला ‘पवित्र मार्ग’ असे नाव दिले. रणांगणाइतकाच रणांगणाकडे जाणारा रस्ताही वंदनीय असतो, ही जाणीव त्या नावात आहे.

अशा ताफ्यात सर्वांत अवघड जागा असते ती सर्वांत पुढची. मागच्या गाड्या पुढच्या गाडीच्या चाकोरीतून जातात. पुढच्या गाडीला चाकोरी नसते. सुरुंग असेल तर तो तिच्याच चाकाखाली फुटतो, दबा धरलेला शत्रू पहिली गोळी तिच्यावरच झाडतो. तिला अडवले की मागची रांग आपोआप अडते, हे शत्रूलाही ठाऊक असते. म्हणूनच गाड्यांमध्ये अंतर राखणे, थांबायच्या जागा आधी हेरून ठेवणे, दोन्ही बाजूंच्या उंचवट्यांवर पहारे बसवणे, नादुरुस्त गाडी तात्काळ बाजूला घेणारे पथक शेवटी ठेवणे, या साऱ्या शिस्तीला प्राणाचे मोल असते.

या पुढच्या गाडीचा मान पुण्याशी जोडलेला आहे. खडकी हे बॉम्बे सॅपर्सचे घर. या दलातील सेकंड लेफ्टनंट प्रेमिंद्रसिंग भगत १९४१ साली पूर्व आफ्रिकेत इटालियन सैन्याचा पाठलाग करणाऱ्या तुकडीच्या अग्रभागी होते. मेतेम्मा घेतल्यानंतर चार दिवस, ५५ मैलांच्या वाटेवर, त्यांनी सर्वांत पुढच्या गाडीत बसून पंधरा सुरुंगक्षेत्रे शोधली व साफ करवून घेतली. दोनदा त्यांची गाडी सुरुंगाने उडाली, कानाचा पडदा फाटला. विश्रांती घ्यावी असे सांगितले असता त्यांनी ती नाकारली. त्या पराक्रमासाठी त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. दुसऱ्या महायुद्धात तो मिळवणारे ते पहिले भारतीय अधिकारी होत.

स्वतंत्र भारतात हीच परंपरा कारवारजवळच्या चेंडिया गावच्या रामा राघोबा राणे यांनी चालवली. तेही बॉम्बे सॅपर्सचेच. एप्रिल १९४८ मध्ये पाकिस्तानी आक्रमकांच्या ताब्यातील राजौरी सोडवण्यासाठी नौशेराहून रणगाड्यांसह तुकडी निघाली. रस्ता सुरुंगांनी आणि आडव्या पाडलेल्या झाडांनी अडवलेला होता, वरच्या टेकड्यांवरून उखळी तोफांचा मारा चालू होता. पहिल्याच दिवशी, ८ एप्रिलला, राणे यांच्या पथकातील दोघे ठार झाले आणि स्वतः राणे यांच्यासह पाच जण जखमी झाले. तरीही काम थांबले नाही. रणगाड्याच्या पोटाखालून सरपटत, दोऱ्यांनी चालकाला खुणा करीत, सुरुंग निकामी करीत राणे पुढे सरकत राहिले. ११ तारखेला चिंगस गाठले, १२ तारखेला सैन्य राजौरीत पोहोचले. राजौरीत जे नागरिक वाचले ते त्या रस्त्यामुळे वाचले. राणे यांना परमवीर चक्र मिळाले. त्यांच्या अंगी शत्रूला ठार मारण्याची कुवत नक्कीच होती, पण त्यांचा सन्मान झाला तो वाट मोकळी करण्यासाठी. पुढे भारतीय नौवहन महामंडळाने एका तेलवाहू जहाजाला त्यांचे नाव दिले. इंधन वाहून नेणाऱ्या जहाजाला रस्ता उघडणाऱ्या वीराचे नाव, हा योग मोठा समर्पक आहे.

शिरूरचेही या परंपरेशी नाते आहे. एकोणिसाव्या शतकात शिरूर, म्हणजेच घोडनदी, हे दीर्घ काळ पूना हॉर्स या घोडदळाचे ठाणे होते. याच पलटणीचे सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल १६ डिसेंबर १९७१ रोजी शकरगड भागात बसंतर नदीच्या पलीकडे धारातीर्थी पडले. त्यांचा जन्मही पुण्याचा. त्यांच्या रणगाड्याची कथा शाळेतील मुलांनाही माहीत असते. तो रणगाडा नदीपलीकडे गेला कसा, हे फार थोड्यांना माहीत असते. तेथे पाकिस्तानने सुरुंग पेरून ठेवले होते. आपले सॅपर्स रात्रभर खपून त्यांतून वाट काढत होते. पलीकडे पोहोचलेल्या पायदळावर शत्रूचे रणगाडे चालून येताना दिसले, तेव्हा वाट पूर्ण साफ होण्याची वाट न पाहता पूना हॉर्सचे रणगाडे त्यातून पार झाले. एका परमवीराच्या मागे अशी अनेक अनाम माणसे उभी असतात.

बर्फातली वाट

रसदीची वाट नसली तर शौर्याचे काय होते, याचा अनुभव १९६२ साली देशाने घेतला. नामकाचू नदीच्या काठी ब्रिगेडियर दळवी यांच्या सैन्याला सुती कपड्यांत थंडीशी सामना करावा लागला. तेथपर्यंत मोटारीचा रस्ता नव्हता. विमानातून टाकलेल्या सामग्रीपैकी बरीचशी दऱ्याखोऱ्यांत गडप झाली. जवानांपाशी मोजकीच काडतुसे होती. २० ऑक्टोबरला चिनी हल्ला आला, तेव्हा ते लढले आणि पडले. त्या पराभवाची जबाबदारी ज्यांच्यावर टाकायची त्यांच्यावर इतिहास टाकीलच. पण गोळीपेक्षा रस्ता आधी लागतो, हा धडा रक्ताने लिहिला गेला आहे. सीमा सडक संघटना १९६० सालीच स्थापन झाली होती. तिच्या कामाचे मोल देशाला खऱ्या अर्थाने कळले ते त्यानंतर.

१९९९ च्या कारगिल संघर्षात शत्रूने आधी निशाणा साधला तो श्रीनगर-लेह महामार्गावर. द्रासच्या शिखरांवर बसलेल्या घुसखोरांना हा रस्ता तळहातासारखा दिसत होता. लडाखची रसद तोडायची, हाच त्या घुसखोरीचा हेतू होता. जोझिला खिंड तेव्हा वर्षातील काही महिनेच उघडी असे, त्यामुळे हिवाळ्याचा साठा त्याच दिवसांत पलीकडे जावा लागे. त्या उन्हाळ्यात आपले ताफे रात्री, दिवे मालवून, दरीच्या कडेकडेने गेले. त्या युद्धात आपल्या तोफखान्याने अडीच लाखांहून अधिक गोळे, बॉम्ब व अग्निबाण डागले, ही गोष्ट अभिमानाने सांगितली जाते. त्याचा दुसरा हिशेब करून पाहावा. बोफोर्स तोफेचा एक गोळा सुमारे ४३ किलो वजनाचा असतो. शंभर गोळे म्हणजे सव्वाचार टनांहून अधिक वजन. दारू वेगळी, धान्य वेगळे, इंधन वेगळे, औषधे वेगळी. हे सारे कोणीतरी अंधारात, वळणावळणाच्या रस्त्यावर, गाडी चालवत नेले. तोफेच्या आवाजाने देश जागा झाला. पण तिच्यापर्यंत गोळा नेणाऱ्या इंजिनाचा आवाज कोणाच्याच कानी पडला नाही.

आणि युद्ध पुकारलेले नसतानाही ही वाट निर्धोक नसते. १४ फेब्रुवारी २०१९ रोजी पुलवामा जिल्ह्यातील लेथपोरा येथे केंद्रीय राखीव पोलीस दलाच्या ताफ्यावर स्फोटकांनी भरलेली मोटार आदळवण्यात आली. ७८ वाहनांच्या त्या ताफ्यात अडीच हजारांहून अधिक जवान होते. ४० जवानांना वीरमरण आले, त्यांत महाराष्ट्रातील बुलडाणा जिल्ह्याचे दोन सुपुत्र होते. त्यानंतर काही आठवडे ताफ्यांसाठी जम्मू-श्रीनगर महामार्ग आठवड्यातून दोन दिवस खासगी वाहनांना बंद ठेवण्यात आला. लोकांची गैरसोय झाली, टीकाही झाली. ती सर्वस्वी अनाठायी होती असे म्हणता येणार नाही. रुग्ण, विद्यार्थी व व्यापारी यांना त्याचा त्रास झालाच. परंतु ताफ्याची सुरक्षितता ही केवळ बंदूकधारी पहारेकऱ्यांच्या हातात नसते, रस्ता वापरणाऱ्या प्रत्येकाच्या वागणुकीवर ती अवलंबून असते, हे त्या घटनेने दाखवून दिले.

यंत्रे आली, माणूस राहिला

काही जण म्हणतील की, आता विमाने आली, ड्रोन आले, मालमोटारींच्या रांगांचे दिवस संपले. विमानांचे महत्त्व कोण नाकारील? मे १९४८ मध्ये मेहरसिंग यांनी लेहच्या कच्च्या धावपट्टीवर डाकोटा उतरवले आणि लडाख वाचले. पण विमानाने तातडीची गरज भागते. हजारो जवानांचे रोजचे जेवण, शेगडीचे रॉकेल, बराकींचे सामान आणि रणगाड्यांचे डिझेल हे आजही बहुतांशी चाकांवरूनच जाते. २०२० साली पूर्व लडाखमध्ये चीनपुढे अतिरिक्त सैन्य उभे करावे लागले, तेव्हा हिवाळ्याआधीचा साठा वर नेण्यासाठी लष्करी गाड्यांबरोबर खासगी मालमोटारीही राबल्या. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये रोहतांगखालचा नऊ किलोमीटरचा अटल बोगदा खुला झाला, जानेवारी २०२५ मध्ये सोनमर्गचा बोगदा सुरू झाला. जोझिलाच्या बोगद्याचेही काम हाती घेण्यात आले आहे. राष्ट्र बोगद्यांवर इतका पैसा खर्च करते, याचाच अर्थ रस्त्याला पर्याय नाही.

परदेशातील उदाहरणही ताजे आहे. २०२२ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये युक्रेनची राजधानी कीव्हच्या उत्तरेला रशियन वाहनांची सुमारे ६४ किलोमीटर लांबीची रांग दिवसेंदिवस खोळंबून उभी होती. जगातील बलाढ्य मानल्या गेलेल्या सैन्याला इंधन आणि अन्न वेळेवर पुढे नेता आले नाही. पुढच्या गाड्या अडवल्या गेल्या, मागच्या आपोआप थांबल्या. दोड्डेरीच्या गढीत जे कासिमखानाचे झाले, त्याचेच हे नवे रूप. ड्रोन आल्यामुळे ताफ्यावरचे संकट कमी झालेले नाही, उलट वाढले आहे, कारण आता आकाशातूनही त्याच्यावर नजर असते. त्यामुळे धैर्यवान आणि शिस्तबद्ध चालकाची गरज पूर्वीपेक्षा अधिक आहे.

समाजाचे कर्तव्य

हे सर्व वाचून अभिमान वाटणे स्वाभाविक आहे. परंतु अभिमान आचरणात उतरला नाही तर तो शब्दांपुरताच राहतो. शिरूर आणि दौंड यांसारख्या तालुक्यांना या बाबतीत काही गोष्टी सहज करण्यासारख्या आहेत.

पहिली गोष्ट स्मरणाची. सेना सेवा कोअरचा स्थापनादिन ८ डिसेंबरला असतो. ‘सेवा अस्माकं धर्मः’ हे त्या दलाचे ब्रीद आहे. गावातील एखाद्या निवृत्त चालकाला, सॅपरला किंवा सीमा सडक संघटनेच्या कामगाराला त्या दिवशी शाळेत बोलवावे. त्याने जोझिलाच्या वळणावर गाडी कशी वळवली, साखळ्या बांधलेली चाके बर्फावर कशी चालतात, अंधारात पुढच्या गाडीचे अंतर कसे ओळखतात, हे मुलांना सांगावे. त्याच्याजवळ सांगण्यासारखे पुष्कळ असते. आजवर कोणी विचारलेले नसते, इतकेच. पेडगावची सहल काढणाऱ्या शिक्षकांनीही केवळ तटबंदी व मंदिरे न दाखवता, तेथे रसदीची राखण सुटली म्हणजे काय होते तेही समजावून सांगावे.

दुसरी गोष्ट रस्त्यावरच्या शिस्तीची. पुणे-अहिल्यानगर मार्गावर लष्करी ताफा दिसला की, त्याच्या गाड्यांमध्ये आपली मोटार घुसवणे हा अनेकांना चातुर्याचा भाग वाटतो. दोन गाड्यांमधील अंतर हे रिकामे पडलेले नसते, ते सुरक्षिततेसाठी राखलेले असते. ताफ्याला वाट देणे ही फार छोटी गोष्ट आहे, पण राष्ट्रभक्तीची परीक्षा अशाच छोट्या गोष्टींत होते.

तिसरी गोष्ट मौनाची. आज प्रत्येकाच्या हातात कॅमेरा असलेला फोन आहे. २०२५ च्या एप्रिल-मे महिन्यांत, पहलगाम हल्ल्यानंतर व ‘ऑपरेशन सिंदूर’च्या काळात, सैन्याच्या हालचालींचे थेट चित्रण करू नये असे केंद्र सरकारला सांगावे लागले. सैन्याच्या गाड्या कोठून कोठे, किती आणि केव्हा निघाल्या, हे समाजमाध्यमांवर कौतुकाने टाकणारा तरुण देशद्रोही नसतो, तो उत्साही असतो. परंतु त्याचा उत्साह शत्रूच्या कामी येतो. पूर्वी ताफ्याची वाट हेरण्यासाठी हेर पाठवावे लागत. आता ते काम आपल्या नकळत आपणच फुकट करून देऊ लागलो, तर दोष कोणाचा?

चौथी गोष्ट अधिक व्यापक आहे. रांजणगाव आणि कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतींमुळे व साखर कारखान्यांमुळे या भागात हजारो तरुण अवजड वाहने चालवतात. युद्धकाळात खासगी वाहने आणि चालकही देशाच्या कामी येतात. १९६५ साली पंजाबातील मालमोटार चालकांनी ते करून दाखवले. अवजड वाहन चालवणे हे कमी दर्जाचे काम मानले जाते, त्यामुळे चालकाला ना नीट विसाव्याची जागा मिळते, ना सन्मानाची वागणूक. रात्रंदिवस जागणारा, अर्धपोटी, थकलेला चालक शांततेच्या काळातही स्वतःला आणि इतरांना धोकादायक ठरतो. सैन्यातील निवृत्त चालकांनी येथील तरुणांना शिस्त, वाहनाची निगा आणि ताफ्याने चालण्याची रीत शिकवावी आणि त्यासाठी स्थानिक संस्थांनी त्यांना बोलवावे. त्यातून अपघात कमी होतील आणि प्रसंग पडलाच, तर देशाला तयार माणसे मिळतील.

औरंगजेबाच्या अफाट फौजेला भीमेच्या आणि कृष्णेच्या खोऱ्यांनी जो धडा दिला, तो आजही जुना झालेला नाही. सैन्य पोटावर चालते, असे म्हणतात. पण ते पोट भरायला कोणाला तरी रात्रभर चाक हातात धरून जागावे लागते. पुढच्या चौकीवरच्या जवानाला सकाळी गरम चहा मिळतो, त्याच्या बंदुकीत काडतूस असते आणि त्याच्या जखमेवर वेळेत पट्टी बसते, तेव्हा त्यामागे एखाद्या अनाम सारथ्याची रात्र खर्ची पडलेली असते. त्या माणसाविषयी बोलताना ‘नुसता’ हा शब्द आपल्या तोंडून गळून पडला, तरी त्याच्या ऋणातून थोडेसे उतराई झाल्यासारखे होईल.